शेवटच्या डब्याची पाटी

कुणाच्याही घरून निघताना गार्डसाहेब उंबऱ्याबाहेर पडले की वळायचे, घराकडं एकदा नीट बघायचे आणि उजवा हात खांद्यापर्यंत उचलून धरायचे. समोरून कुणीतरी तसाच हात उचलेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी वाकून नमस्कार केला. तरी हात तसाच. शेवटी माझ्या सासूबाईंनी, त्यांना काय वाटलं कोण जाणे, आतून हात वर केला. तेव्हा कुठं "ऑल राईट" म्हणून गार्डसाहेब जिना उतरले.

"काही विसरले होते का गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "गाडी सुटली."

चौतीस वर्षं ते मालगाडीवर गार्ड होते. गाव होटगीजवळचं, नोकरी सगळी सोलापुरातून. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे त्यांना अजिबात आवडलेलं नव्हतं. "म्यानेजर म्हंजे खुर्चीत बसणारा. गार्ड म्हंजे सगळ्यांच्या मागं उबा ऱ्हाणारा," असं ते ऐकवायचे. आणि ते खरोखरच सगळ्यांच्या मागं असायचे. लग्नात शेवटच्या पंगतीला जेवायचे. एसटीत शेवटच्या बाकावर बसायचे. रिक्षात मागच्या बाजूला तोंड करून बसता येईल अशी रिक्षा सोलापुरात मिळेना, म्हणून रिक्षाच सोडली. सगळा जन्म मागं पळत जाणारा मुलूख बघण्यात गेल्यामुळं पुढं काय येतंय यात त्यांना फारसा रस नसावा. घड्याळ मात्र मिनिटावर. "सात-साडेसातला येतो" असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

आमचं रविवारी सकाळी चालणाऱ्यांचं एक मंडळ होतं, गार्डसाहेब धरून अकरा जणांचं. मी शाळेत शिकवते. उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून त्यात गेले. मंडळ म्हणजे काय, तलावाला एक फेरी मारायची आणि मग दोन प्लेट इडली. गार्डसाहेब आले आणि सहा महिन्यांत त्यांनी आमची गाडी करून टाकली. आमचे टॉवेलच्या कारखान्याचे अण्णा सगळ्यांत जोरात चालायचे, घरी तेलुगू बोलणारा उंच, सडपातळ माणूस. ते झाले इंजिन. आम्ही सगळे डबे. आणि शेवटी स्वतः गार्डसाहेब, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लाल आणि हिरवं निशाण, गळ्यात शिट्टी. शिट्ट्यांचे प्रकारही त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले होते. एक लांब, एक आखूड, परत एक लांब, एक आखूड म्हणजे गाडी तुटली. तो प्रकार वापरायची वेळ कधी आली नव्हती. तरी दर महिन्याला उजळणी व्हायची, आणि तलावावर फिरायला आलेले लोक आमच्याकडं बघत राहायचे.

त्यांच्या पाठीवर एक पाटी असायची. गोडेतेलाच्या डब्याचं झाकण, पिवळा रंग, त्यावर लाल फुली, बुटाच्या नाडीनं अडकवलेलं. रेल्वेत प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याला अशी खूण असते. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनमास्तर ती खूण बघतो. दिसली तरच गाडी पूर्ण आली. इंजिन आलं, पन्नास डबे आले, पण पाटी आली नाही, तर रेल्वेच्या हिशेबी गाडी आलेलीच नाही.

याचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं होतं. आम्ही तेव्हा दर वर्षी चढतो त्या टेकडीवरच्या बिरोबाच्या देवळात टेकलो होतो. गार्डसाहेब पाण्याची बाटली मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई, नवीन लागलो होतो तवाची गोष्ट. उनाळा. मालगाडी जुनी, ब्रेक धड न्हाईत. मदीच कपलिंग तुटलं. इंजिन निम्मे डबे घिऊन गेलं फुडं, आन मी माझ्या डब्यासकट माळावर. झाड न्हाय, माणूस न्हाय. मी झेंडा हालीवतोय, शिट्टी मारतोय, कुणाला? डायवर आपला गेला की निघून. त्याला कळलंच न्हाय."

"मग?"

"फुडच्या स्टेशनात एक म्हातारा पोर्टर हुता. त्यानं गाडी जाताना पाटी बघितली. न्हाय दिसली. त्यानं बोंब ठोकली. सगळी लाईन बंद केली, आन इंजिन मागं आलं. मला न्यायला." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "त्या म्हाताऱ्यानं पाटी बघितली न्हसती तर मागनं दुसरी गाडी आली असती. मी मागं हाय हे त्या एकाच माणसाला कळलं. म्हून म्हंतो, शेवटचा माणूस आला का, ते बघावं."

तर आमची टेकडी. तिच्या अलीकडं एक स्टेशन आहे आणि पलीकडं एक. नावं मी सांगणार नाही; सांगितली की पुढच्या रविवारी लोक रील काढायला जातील. रूळ टेकडीला वळसा घालून जातात, आणि जुनी गाडीवाट टेकडीवरून. बारा-तेरा किलोमीटर. दर जानेवारीत सकाळच्या पॅसेंजरनं अलीकडं उतरायचं, टेकडी चढून-उतरून पलीकडच्या स्टेशनात पोचायचं आणि पाच बेचाळीसच्या पॅसेंजरनं परत यायचं. ही गार्डसाहेबांची कल्पना. त्यांनी नोकरीभर ती टेकडी गाडीतून बघितली होती, तिच्या डोक्यावर पाय कधी ठेवला नव्हता.

सोपं वाटतं, पण पाच वर्षांत आमची गाडी एकदाही पूर्ण पोचली नाही. पहिल्या वर्षी एकाचे नवे बूट चावले आणि तो टमटममध्ये बसला. दुसऱ्या वर्षी दोघं वाटेतल्या शेतात हुरड्याला बसले ते उठलेच नाहीत. आगटीतून कणसं निघतायत, समोर शेंगाचटणी आणि गूळ, त्यांना मी तरी नावं ठेवणार नाही. तिसऱ्या वर्षी कुणाच्या मेव्हण्याची जीप वाटेत भेटली. दर वर्षी पलीकडच्या फलाटावर गार्डसाहेब मुंडकी मोजायचे आणि तिथल्या स्टेशनमास्तरांना जाऊन सांगायचे, "गाडी अपूर्ण." हे स्टेशनमास्तर बिहारकडचे, तरुण, एकटेच राहणारे. सुरुवातीला त्यांना हा म्हातारा वेडा वाटला असणार. नंतर तेही गंभीर चेहऱ्यानं "अच्छा, अपूर्ण" म्हणायला लागले.

पाचव्या वर्षाबद्दल मला सांगायलाच हवं, आणि ते सांगायला मला आजही आवडत नाही.

त्या वर्षी उतारावर आमच्या नर्समावशी घाबरल्या. चाळीस वर्षं सिव्हिलमध्ये भले भले जखमी हाताळलेली बाई, पण सुटे दगड बघून मटकन खाली बसली. त्यांना हाताला धरून उतरवायला गार्डसाहेबांना पुढं जावं लागलं. जाताना त्यांनी पाठीवरची पाटी काढली आणि माझ्या पाठीवर अडकवली. "बाई, आता शेवटचा डबा तुमी. सावकाश या. पाटी सोडायची न्हाय."

मी सावकाशच येत होते. गुडघा सुजला होता. सगळे खाली दिसेनासे झाले, आणि मागून एक दूधवाला मोटरसायकलवरून आला. त्या भागात अर्धं मराठी, अर्धं कानडी चालतं. "बर्री अक्का," तो म्हणाला, "या, बसा की. टेशनापतुर सोडतो."

मी बसले.

स्टेशन जवळ आलं तशी बाभळींच्या आड उतरले, पदर सारखा केला, मुद्दाम धापा टाकत फलाटावर आले. गार्डसाहेबांनी माझ्या पाठीवरची पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्यांदाच ते स्टेशनमास्तरांना म्हणाले, "गाडी पूर्ण आली!" पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला. पाच वर्षं तो दर वेळी आणायचे आणि न उघडता परत न्यायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. स्टेशनमास्तरांच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा घातला.

परतीच्या गाडीत मला तो पेढा गिळवेना. होटगी यायच्या आत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. ते खिडकीतून मागं जाणारे खांब बघत होते.

"बरं केलंसा सांगितलंत," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी ते चालायला आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मागं आपली गाडी पूर्ण न्हवती. चूक माझी हाय. गार्डानं शेवट सोडायचा नसतो, मी सोडला. पाटी बघितली, पाय बघितले न्हाईत. परवा जाऊन मास्तरला सांगून आलो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. कुणी विचारलं तरी घेतलं नाही. पण हा पंच्याहत्तरीला आलेला माणूस एकटा पॅसेंजरनं गेला होता, एका तरुण स्टेशनमास्तराला सांगायला, की त्या दिवशी मी तुम्हाला दिलेली खबर चुकीची होती. स्टेशनमास्तरांनी त्यांना चहा पाजला म्हणे.

त्यानंतर मी वर्षभर चालले. शाळेचे तीन मजले लिफ्ट असून चढले-उतरले. मुलं म्हणायची, बाई रागावल्यात. रागावलेच होते, स्वतःवर. मला त्या माणसाला एक खरी पूर्ण गाडी द्यायची होती. आणि वेळ थोडा होता, कारण दिवाळीत त्यांच्या मुलीनं निक्षून सांगितलं होतं की आता एकटं राहायचं नाही; फेब्रुवारीत ते तिच्याकडं मिरजेला जाणार होते. म्हणजे जानेवारीची ही शेवटची टेकडी.

त्या दिवशी सगळं जमून आलं होतं. नवे बूट कुणी घातले नाहीत. हुरडा खाल्ला, पण उभ्यानं. करडईच्या कडेनं जाताना काटे टोचले तरी कुणी कुरकुरलं नाही. बिरोबाला नारळ फोडला. उतारावर नर्समावशी डोळे मिटून, माझा दंड धरून, रामरक्षा म्हणत उतरल्या आणि खाली आल्यावर स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना पुढच्या माणसांत सोडून मी मागं वळून बघितलं, तर गार्डसाहेब दिसेनात.

मी परत चढून गेले. ते एका दगडावर बसले होते. पाय मुरगळला होता, घोट्याला हात लावू देईनात. पाठीवर पाटी तशीच.

"तुमी व्हा फुडं," ते म्हणाले. "धा माणसं पूर्ण हायती. मी यीन कसाबी. गार्ड काय डब्यात मोजत न्हाईत."

हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं बोलतायत हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात खालच्या वाटेवर मोटरसायकल वाजली. तोच दूधवाला! देव पण काय एकेक परीक्षा घेतो. "बर्री गार्डसाब," तो ओरडला, "पायाला लागलंय व्हय? बसा, धा मिंटात टेशन."

गार्डसाहेबांनी मोटरसायकलकडं बघितलं. मग खाली, लांबवर चिमुकल्या दिसणाऱ्या फलाटाकडं. शहाण्या माणसानं बसायला हवं होतं. म्हातारा माणूस, सुजलेला पाय, आणखी बिघडला तर वर्षभराचं दुखणं. मी स्वतः त्यांना बसवायला हवं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पायाच्या दुखण्यानं नव्हते.

मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली. शाळेत पीटीचे तास घेऊन माझी छाती तयार आहे. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. तीनदा.

खाली अण्णा जवळजवळ स्टेशनच्या वळणाला पोचले होते. सहा वर्षांत अण्णांनी मागं वळून बघितलेलं मला आठवत नाही. मागं वळून बघायचं इंजिनाचं कामच नाही, असं ते म्हणायचे. ते थांबले. मी परत वाजवली. आणि अण्णा वळले. लांब टांगा टाकत ते टेकडी चढायला लागले, आणि त्यांच्या मागं, एकामागून एक, आमचे सगळेच डबे!

"आरं सगळी गाडी कशाला आणली?" गार्डसाहेब बसल्या जागेवरून गरजले. "इंजिन एकटंच यायचं असतंय!"

"अय्यो, आम्हाला काय माहीत," अण्णा धापा टाकत म्हणाले, "तुम्ही डबे सोडायला शिकवलंच नाही की."

नर्समावशी उतार विसरून वर आल्या होत्या. अण्णांच्या कारखान्यातला टॉवेल फाडून त्यांनी घोटा असा आवळून बांधला की गार्डसाहेबांना आई आठवली. हाड शाबूत आहे, टेकत टेकत चालता येईल, असं त्यांनी सांगून टाकलं. दूधवाल्यानं गाडी बंद केली आणि तोही बघत उभा राहिला. उचलून न्यायची गोष्ट कुणीतरी काढली, ती गार्डसाहेबांनी उडवून लावली. पाय जमिनीला लागले पाहिजेत. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला काठी.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्हाला मध्ये चालावं लागणार. पाटी माझ्याकडं द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मला कळत होतं त्यांना काय आठवतंय, आणि त्यांनाही कळत होतं की मला ते कळतंय. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली. नाडीची गाठ काही मला लवकर सुटेना.

बारा-तेरा किलोमीटरांतलं ते शेवटचं अंतर दीड-दोन किलोमीटरच असेल, पण आम्हाला तासाच्या वर लागला. कुणी आपल्या मागून चालतंय याची गार्डसाहेबांना सवयच नव्हती. दर वीस पावलांनी मान वळवायचे. मी म्हणायचे, "आहे." परत वीस पावलं. "आहे, साहेब."

रुळाच्या कडेच्या बांधावर आलो आणि लांबून हॉर्न ऐकू आला. पाच बेचाळीस. बरोब्बर वेळेवर, त्याच दिवशी. स्टेशन अजून पाऊण किलोमीटर होतं.

"पळा रे दोघं-तिघं, थांबवा गाडी!" अण्णा म्हणाले.

"खबरदार!" गार्डसाहेब म्हणाले. "आपल्यासाटी पाशिंजर थांबायची न्हाय. गाडीकडं तोंड करून उबे ऱ्हावा."

आम्ही ज्वारीच्या बांधावर ओळीनं उभे राहिलो. गाडी आमच्या समोरून धडधडत गेली, आमची परतीची एकमेव गाडी. गार्डसाहेब एका पायावर उभे राहून हिरवं निशाण धरून होते. शेवटच्या डब्यातला तरुण गार्ड आमच्याकडं बघत राहिला, मग गडबडीनं त्यानंही आपलं निशाण बाहेर काढलं. त्याच्या डब्यामागची पाटी लहान होत होत दिसेनाशी झाली.

"पूर्ण गेली," गार्डसाहेब म्हणाले. "गेली तर जाऊ द्या. ती न्हवंच आपली गाडी. आपली ही हितं हाय. चला."

फलाटाच्या उताराशी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. स्टेशनमास्तर मोकळ्या फलाटावर उभे होते. वाट बघत होते हे उघड होतं. आमच्यातलं कुणीच पॅसेंजरमध्ये चढलं नाही हे त्यांनी बघितलंच असणार. अण्णा आधी चढले, त्यांच्या खांद्यावर गार्डसाहेब, मग एकेक डबा. मी सगळ्यांत शेवटी. माझा पाय फलाटावर पडला तसे गार्डसाहेब वळून उभे राहिले.

स्टेशनमास्तर माझ्या मागं येऊन पाटी बघायला लागले.

"मास्तर," गार्डसाहेब म्हणाले, "पाटी बादमें. पैले पाँव देखो."

तो तरुण माणूस खरोखर खाली वाकला. माझे बूट मातीनं काळे झाले होते, साडीच्या काठाला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती, एका टाचेजवळ रक्त होतं. त्यानं एक कुसळ उपटून हातात घेतलं, बघितलं आणि उठून ताठ उभा राहिला.

"गाड़ी पूरी है, साहब."

मग त्यानं जे केलं ते आम्ही कुणी सुचवलं नव्हतं. स्टेशनात पूर्वी घंटा म्हणून वापरायचा रुळाचा तुकडा अजून टांगलेला होता. तो गेला, लोखंडी गज उचलला आणि ठण् ठण् ठण् असे टोल दिले. बाजूच्या वस्तीतली माणसं दारात आली. दूधवाला आमच्या मागोमाग हळूहळू आलाच होता, त्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. नर्समावशी नाचल्या, पासष्टीची बाई त्या फलाटावर चक्क नाचली. अण्णांनी उरलेला टॉवेल हवेत भिरकावला. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

गार्डसाहेबांनी घड्याळ बघितलं. "सहा वाजून आठ," त्यांनी जाहीर केलं. "सव्वीस मिंटं लेट." मग त्यांचा आवाज फुटला. "पूर्ण."

उजवा हात त्यांनी खांद्यापर्यंत उचलला, माझ्याकडं बघत. मी उचलला. मग अण्णांनी, मावशींनी, सगळ्यांनी, स्टेशनमास्तरांनी, दूधवाल्यानंसुद्धा. पिशवीतून पेढ्याचा पुडा निघाला आणि या वेळी पहिला पेढा माझ्या हातावर पडला. तो मी सावकाश, चवीनं खाल्ला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि आता सोलापूरला जायचं कसं, हा प्रश्न त्या फलाटावर बराच वेळ कुणाला सुचलाही नाही.